छावणीला आधी ऊब हवी, वीज नंतर

लिंबागणेशच्या शिवारात पाचशे फूट बोअर घेतला, तरी खोलीमुळे वाढणारी उष्णता चार-पाच अंशांचीच. म्हणून भूऔष्णिक ऊर्जेची चर्चा आपल्या वेल्डिंगवाल्यांना, नळकाम करणाऱ्यांना परकी वाटते. परंतु केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये या ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे. लष्करी तळांना तिचा उपयोग किती, याचा हिशेब आता व्हायलाच हवा.

लडाखमधील पुगा खोऱ्यात, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, उकळते झरे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात तेथे विंधनविहिरी घेतल्या, गरम पाण्यावर खोली उबदार ठेवून पाहिली. एक मेगावॅटच्या प्रायोगिक वीज प्रकल्पासाठी ओएनजीसीचा करार झाला तो ६ फेब्रुवारी २०२१ रोजी. मधली वर्षे कशात गेली, कोण जाणे!

अमेरिकन नौदलाच्या चायना लेक तळावर, कोसो येथे, १९८७ पासून जमिनीतल्या उष्णतेवर वीज निघते. क्षमता सुमारे २७० मेगावॅट. हा आकडा पाहून आपणही विजेच्याच मागे लागलो तर फसगत होईल. लडाखमधील जवानाची पहिली गरज ऊब आहे, आणि तिच्यासाठी रॉकेल-डिझेल घाट चढवून न्यावे लागते. शंभर-सव्वाशे अंशांच्या पाण्यापासून वीज केली तर उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा हाती येतो. तेच पाणी बराकीत फिरवले तर बरीचशी ऊब कामी येते. मात्र ऊब तारेवरून जात नाही. छावणी झऱ्यापासून किती दूर, हिवाळ्यात पाणी किती, नळात क्षार किती बसतो, हे आधी मोजावे. पाण्यातला मासा पकडण्यापूर्वी विकू नये, हा फिक्हमधील दाखला जमिनीखालच्या उष्णतेलाही लागू आहे.

कारागिराचा संबंध येथेच येतो. टर्बाइन मोठी कंपनी देईल. नळ, झडपा, रेडिएटर, उष्णतारोधक वेष्टन हे लहान कारखान्यांचे काम आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांकडून २५ टक्के सरकारी खरेदीचा नियम वस्तू आणि सेवांना आहे, बांधकामाच्या ठेक्यांना नाही. नुसत्या फेरविक्रीलाही नाही. सगळे काम एकाच ठेक्यात बांधले, तर आपल्या वाट्याला पोटठेकेदाराचा पोटठेका येईल. संरक्षण खात्याने हे साहित्य वेगळ्या निविदेने घ्यावे, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी आतापासूनच लावून धरली पाहिजे.