युद्धाचा कौल कोणी द्यावा?

२२ जून २०२५ रोजी अमेरिकेने इराणातील फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान या तीन ठिकाणच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला. पाठोपाठ, २७ जून रोजी, अमेरिकन सीनेटपुढे एक ठराव मतास आला. काँग्रेसची, म्हणजे तेथील विधिमंडळाची, संमती घेतल्यावाचून इराणविरुद्ध लष्करी कारवाई चालू ठेवू नये, एवढेच त्याचे मागणे होते. ४७ विरुद्ध ५३ मतांनी ठराव पडला. सत्तारूढ रिपब्लिकन पक्षाच्या सभासदांपैकी केंटकीचे रँड पॉल हे एकटेच त्याच्या बाजूने उभे राहिले.

हल्ला योग्य होता की अयोग्य, त्याने काय साधले, यावर त्या दिवसांत पुष्कळ लिहिले गेले. त्या वादात आज शिरावयाचे नाही. त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो जुन्या मर्यादांचा मान राखणाऱ्या, म्हणजेच कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणविणाऱ्या, प्रत्येक अमेरिकनाने स्वतःस विचारावयास हवा. राष्ट्रास युद्धात लोटण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेच्या घटनेने याचे उत्तर निःसंदिग्ध दिले आहे. पहिल्या कलमाच्या आठव्या भागात युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसच्या स्वाधीन केला आहे. राष्ट्राध्यक्ष हा सैन्याचा सरसेनापती खरा. परंतु तो दुसऱ्या कलमान्वये, आणि युद्ध ठरल्यावर ते चालविण्यासाठी. १७८७ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत या शब्दांवर चर्चा झाली. मूळ मसुद्यात काँग्रेसने युद्ध ‘करावे’ असे होते. मॅडिसन व गेरी यांच्या सूचनेवरून तेथे ‘पुकारावे’ हा शब्द आला. हेतू हा की, शत्रू अकस्मात चालून आल्यास त्यास परतविण्याची मोकळीक राष्ट्राध्यक्षास असावी. घटनाकारांस राजांचा अनुभव ताजा होता. एकाच्या मनात आले म्हणून सहस्रावधींनी मरावे, ही युरोपातील रीत त्यांस आपल्या भूमीवर नको होती.

ही मर्यादा ढळली कशी, याचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेने शेवटचे रीतसर युद्ध पुकारले ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी व रुमानिया यांच्याविरुद्ध. पुढे २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसचा कौल न घेताच प्रथम वायुदल व नौदल आणि नंतर पायदळ धाडले. युद्ध हा शब्द टाळून त्यास ‘पोलिसी कारवाई’ म्हटले गेले. या कारवाईत छत्तीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मरण पावले.

२८ जून १९५० रोजी ओहायोचे सीनेटर रॉबर्ट टॅफ्ट या विषयावर बोलावयास उठले. टॅफ्ट हे त्या काळी अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचे अग्रणी. लोक त्यांस ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत. त्यांचे म्हणणे असे होते की, राष्ट्राध्यक्षांच्या या कृतीस कायद्याचा आधार नाही. तथापि मान्यतेचा ठराव सभागृहापुढे आणल्यास आपण त्यास अनुकूल मत देऊ. वाचकहो, या भूमिकेतील विवेक लक्षात घ्या. टॅफ्ट कोरियास मदत देण्याच्या आड आले नव्हते. त्यांचा आग्रह एवढाच होता की, होकार द्यावयाचा तर तो ज्याचा अधिकार आहे त्याने द्यावा. तसा ठराव ट्रूमन यांनी कधीच मागितला नाही.

व्हिएतनामच्या वेळी काँग्रेसला विचारले गेले. पण विचारण्याची तऱ्हा कशी? टॉन्किनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगण्यात आले. त्यांतला ४ ऑगस्ट १९६४ चा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघडकीस आले. तीनच दिवसांत, ७ ऑगस्ट रोजी, लोकप्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ० आणि सीनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी राष्ट्राध्यक्षांच्या हाती कोरा कागद दिला. त्या कागदावर पुढे अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकनांची नावे चढली. व्हिएतनामी मृतांची संख्या तर कैक लक्षांच्या घरात आहे.

पश्चात्तापाच्या भरात काँग्रेसने १९७३ मध्ये युद्धाधिकाराचा कायदा केला. तोही राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून. सैन्य लढाईत उतरविल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवावे, आणि ६० दिवसांत तिची संमती न मिळाल्यास ते माघारी आणावे, असे या कायद्याचे सांगणे. सैन्य माघारी बोलाविण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने करावा, त्यास राष्ट्राध्यक्षांची सही नको, अशीही त्यात तजवीज होती. परंतु १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका खटल्यात असल्या सहीविना ठरावांची पद्धत घटनाबाह्य ठरविली. तेव्हापासून राष्ट्राध्यक्षांस रोखावयाचे तर त्यांचा नकाराधिकार मोडावा लागतो, आणि त्यास दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. युद्धास प्रारंभ करण्यासाठी बहुमत हवे होते. आता ते थांबविण्यासाठी दोन-तृतीयांश हवे. घटनाच उलटी टांगली गेली!

या दोषात पक्षभेद नाही. १९९९ मध्ये क्लिंटन यांनी युगोस्लाव्हियावर बॉम्बवर्षाव चालविला असता, त्यास मान्यता देणारा ठराव लोकप्रतिनिधिगृहात २१३ विरुद्ध २१३ अशा समसमान मतांनी पडला. तरी बॉम्बवर्षाव एकूण ७८ दिवस चालला. २०११ मध्ये ओबामा यांच्या सरकारने लिबियातील कारवाईस कायद्याच्या अर्थाने ‘लढाई’ म्हणताच येत नाही, असा अजब युक्तिवाद केला. ट्रम्प यांनी येमेनविषयक ठरावावर २०१९ मध्ये आणि इराणविषयक ठरावावर २०२० मध्ये नकाराधिकार वापरला. जो पक्ष विरोधात असतो त्यास घटना आठवते. तोच सत्तेवर आला की ती विसरते.

यावर असा आक्षेप घेतात की, आजचे युग क्षेपणास्त्रांचे आहे. काँग्रेसच्या चर्चेस वेळ कोठे आहे? आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. पण अकस्मात हल्ला परतविण्याची मुभा १७८७ पासून आहेच. तिच्या आड कोणी येत नाही. शिवाय काँग्रेसला वेळ लागतोच असे नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि दुसऱ्याच दिवशी काँग्रेसने युद्ध पुकारले. अडचण घड्याळाची नाही. ती मनाची आहे.

आणि येथे खरा दोष राष्ट्राध्यक्षांच्या पदरी घालून भागत नाही. सत्ता हाती आलेला मनुष्य ती वाढवू पाहणारच, हे ओळखूनच तर घटनाकारांनी कुंपण घातले होते. ते कुंपण राखण्याचे काम ज्यांच्याकडे दिले ते मूग गिळून बसले. मत दिले नाही की जबाबदारी नाही. युद्ध जिंकले तर अभिनंदनाच्या रांगेत उभे राहता येते; हरले तर ‘आम्हांस कोणी विचारले?’ म्हणून हात झटकता येतात. पुन्हा निवडून येण्याच्या दृष्टीने ही सोय मोठी. पण ज्या मातेचा पुत्र परत येत नाही, तिने जाब विचारावा तरी कोणास?

ही काही केवळ वकिली शब्दांची कसरत नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात न्याय्य युद्धाच्या तीन अटी सांगितल्या: योग्य अधिकार, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. त्यांत योग्य अधिकारास त्यांनी पहिले स्थान दिले. कारण कितीही न्याय्य वाटो, ज्यास अधिकार नाही त्याने तलवार उपसू नये, असा याचा अर्थ. अमेरिकेत हा अधिकार कोणा एका व्यक्तीच्या ठायी नाही. लोकांनी निवडलेल्या सभागृहांच्या ठायी आहे.

म्हणून ज्यांस परंपरा प्रिय आहे अशा अमेरिकनांनी टॅफ्ट यांचा कित्ता गिरवावा. आपल्या प्रतिनिधीस त्यांनी एवढेच सांगावे: या युद्धास होय म्हणा अथवा नाही म्हणा, पण सभागृहात उभे राहून, नाव नोंदवून म्हणा. परक्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षास हा नियम दाखविण्यास धैर्य लागत नाही. आपण ज्यास मत दिले, त्याच्यापुढे तो धरणे हीच निष्ठेची कसोटी होय. २७ जून २०२५ रोजी त्या पक्षातील एकच सभासद या कसोटीस उतरला.