सिनाईच्या मठाचा प्रश्न : वहिवाट आणि मालकी

इजिप्तमधील इस्माइलिया येथील अपील न्यायालयाने २८ मे २०२५ रोजी दिलेल्या निकालामुळे, जवळजवळ पंधराशे वर्षे एकाच जागी नांदत असलेल्या एका ख्रिस्ती मठाच्या भवितव्याविषयी चिंता उत्पन्न झाली आहे. सिनाईच्या द्वीपकल्पात, मोझेसला ईश्वराच्या दहा आज्ञा जेथे मिळाल्या असे मानतात त्या डोंगराच्या पायथ्याशी सेंट कॅथेरिनचा मठ उभा आहे. ही जागा शासनाची सार्वजनिक मालमत्ता असून भिक्षूंना ती वापरण्याचा अधिकार आहे, असा या निकालाचा मथितार्थ. जमिनीचे कज्जे ज्याने जवळून पाहिले असतील त्याला वहिवाट आणि मालकी यांतील अंतर समजावून सांगावयास नको. मालक कधीही दारात उभा राहू शकतो. वहिवाटदाराला मात्र त्याच्या मर्जीकडे पाहून दिवस काढावे लागतात.

इजिप्त सरकारने तातडीने खुलासा केला. मठाचे पावित्र्य अबाधित राहील, भिक्षूंना कोणी हुसकावणार नाही, उलट त्यांच्या हक्काला प्रथमच कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे, असे सांगण्यात आले. तरीही अथेन्सच्या आर्चबिशपांनी तीव्र निषेध नोंदविला आणि ग्रीसचे परराष्ट्रमंत्री जून महिन्यात कैरोला धावले. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच इजिप्तच्या अध्यक्षांचे अथेन्समध्ये स्वागत झाले होते. तेव्हा दोन मित्रराष्ट्रांमधील हा पेच उभयतांनाही अडचणीचा होता.

हा मठ म्हणजे केवळ एक पुराणवस्तू असती तर एवढा गहजब झाला नसता. सम्राट जस्टिनियन याने सहाव्या शतकात येथे तटबंदी व चर्च बांधविले. चर्चच्या छताच्या तुळयांवर कोरलेल्या लेखांत सम्राटाचा उल्लेख हयात म्हणून, तर सम्राज्ञी थिओडोरा हिचा दिवंगत म्हणून आहे. त्यावरून ही वास्तू ५४८ ते ५६५ या काळातील ठरते. त्याच चर्चमध्ये आजही पहाटेच्या अंधारात भिक्षू प्रार्थनेसाठी जमतात. त्यांची संख्या अवघी वीस-पंचवीस. परंतु त्यांचा मठ हे ऑर्थोडॉक्स पंथातील एक स्वायत्त चर्च असून मठाधिपती हाच सिनाईचा आर्चबिशप असतो. २००२ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला, तो भिंतींइतकाच या अखंड परंपरेसाठी होय.

या वादाला ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान असे रूप देण्याचा मोह काहींना झाला. इतिहास मात्र त्याच्या नेमका उलट आहे. आठव्या शतकात बायझन्टाइन सम्राटांनीच मूर्तिभंजनाची मोहीम उघडली आणि त्यांच्या राज्यातील पवित्र चित्रांचा विध्वंस झाला. सिनाईतील प्राचीन चित्रे वाचली, कारण तोवर हा प्रदेश मुस्लिम राजवटीखाली गेलेला होता. खुद्द महंमद पैगंबरांनी या भिक्षूंना अभयपत्र दिले अशी मठाची परंपरा आहे. त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण एकामागून एक मुस्लिम राज्यकर्त्यांनी ते मानले, हे नाकारता येत नाही. मठाच्या तटाच्या आत फातिमी काळातील एक मशीदही आहे. सभोवती राहणारे जबालिया बेदुइन धर्माने मुसलमान. पण जस्टिनियनने मठाच्या सेवेसाठी आणून वसविलेल्या लोकांचे आपण वंशज, असे ते अभिमानाने सांगतात. तेव्हा संघर्ष दोन धर्मांचा नाही. दिलेल्या शब्दावर आणि चालत आलेल्या रिवाजावर उभी असलेली जुनी व्यवस्था, आणि दप्तरातील नोंदीवाचून काहीही न मानणारे आधुनिक शासन, यांच्यातील हा संघर्ष आहे.

शासनाची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. आपल्या भूमीवरील प्राचीन वास्तूंची जबाबदारी कोणतेही सार्वभौम राष्ट्र सोडून देणार नाही. सिनाई तर १९६७ च्या युद्धात इस्राएलने जिंकलेला आणि इजिप्तने वाटाघाटींनी १९८२ पर्यंत परत मिळविलेला प्रदेश. तेथील जमिनीबाबत कैरोचे राज्यकर्ते हळवे असणे स्वाभाविक आहे. भिक्षू बहुतांशी ग्रीक, आणि त्यांचा कैवार घेणारे सरकारही ग्रीक, ही गोष्टही त्यांना खटकत असणार.

परंतु याच काळात त्या दऱ्याखोऱ्यांतून काय चालले आहे, याकडे डोळेझाक करता येणार नाही. पर्यटनवाढीसाठी सरकारने गेल्या काही वर्षांत तेथे एक विशाल प्रकल्प हाती घेतला असून हॉटेले, निवासगृहे, रस्ते व विस्तारित विमानतळ यांची त्यात योजना आहे. जागतिक वारसा समितीने २०२३ मध्येच या बांधकामांविषयी चिंता व्यक्त करून त्यांच्या परिणामांची तपासणी करण्यास सांगितले होते. अशा वेळी मालकी शासनाकडे गेली, तर भिक्षूंना उद्या कोणी बाहेर काढील अशी भीती नाही. भीती निराळीच आहे. प्रार्थनेच्या वेळा सहलींच्या वेळांप्रमाणे ठरतील आणि साधक हे प्रेक्षणीय स्थळाचे रखवालदार होतील. मठ उद्ध्वस्त न करताही तो संपविता येतो.

हाती असलेली वस्तू परक्याच्या मालकीची कशी होते, याचा अनुभव या मठाला पूर्वीही आलेला आहे. चौथ्या शतकातील बायबलची जगप्रसिद्ध ग्रीक पोथी येथे होती. १८५९ मध्ये टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताने परत करण्याचे लेखी वचन देऊन ती नेली. पुढे रशियाच्या झारच्या नावे तिचे दानपत्र झाले. ते राजीखुशीचे होते की दडपणाचे, हा वाद अजून मिटलेला नाही. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ती एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली, आणि आज तिचा बहुतांश भाग लंडनमध्ये आहे. १९७५ मध्ये मठातील एका विस्मृत खोलीत हस्तलिखितांचा साठा सापडला, त्यात त्याच पोथीची काही पाने निघाली. ती मठातच राहिली.

भिक्षूंच्या हातूनही प्रमाद घडले, हे सांगणे प्राप्त आहे. निकालानंतर ग्रीक पार्लमेंटने मठासाठी ग्रीसमध्ये एक कायदेशीर संस्था स्थापणारा कायदा केला आणि त्यावरून मठातच दुफळी माजली. १९७३ पासून गादीवर असलेले नव्वदी गाठलेले आर्चबिशप दामियानोस यांच्यावर बहुसंख्य भिक्षूंनी अविश्वास दाखविला. प्रकरण काही भिक्षूंना तटाबाहेर काढण्यापर्यंत गेले. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये दामियानोस पायउतार झाले आणि सिमेऑन यांची निवड झाली. हक्कासाठी लढणाऱ्याने घर एकदिलाने राखावे, हा साधा नियम येथे विसरला गेला.

मार्ग एकच दिसतो. मठाला इजिप्तच्याच कायद्याखाली स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व द्यावे. तट, चर्च, ग्रंथालय व निकटच्या बागा यांवरील त्याची मालकी निःसंदिग्ध शब्दांत मान्य करावी. आणि त्या मोबदल्यात पुरातत्त्व खात्याची देखरेख मठाने मोकळ्या मनाने स्वीकारावी. यात इजिप्तचे सार्वभौमत्व तिळमात्र उणे होत नाही. उलट, ज्या भूमीवर परधर्मीयांना दिलेले अभय शतकानुशतके पाळले गेले, त्या भूमीची कीर्तीच वाढेल. खलिफांनी आणि सुलतानांनी जे निभावले ते एका प्रजासत्ताकाला निभावता येऊ नये, असे म्हणण्याची पाळी इतिहासावर न येवो.