मशीन घेण्याआधी फाईल साफ करायला शिका

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात लेझर कटिंगचा धंदा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मशीन कितीला?" माझं मत स्पष्ट आहे. आधी फाईल साफ करायला शिका, सहा महिने जॉबवर्कवर काम करून घ्या. हप्ता नंतर.

गिऱ्हाईक लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतं. तो ट्रेस केला की साध्या गोलालाही नको तितके बिंदू येतात. प्रत्येक बारीक वळणावर मशीन हळू होतं, कड खडबडीत येते. रेट मिनिटावर असेल तर पैसे तुमचेच जातात.

उपाय फुकट आहे. इंकस्केपमध्ये आकार निवडा, कंट्रोल-एल दाबा, बिंदू कमी होतात. भराभर दाबत सुटू नका, आकारच बिघडतो. कल्पना जुनीच आहे हो! नकाशातल्या रेषा सोप्या करायला डग्लस आणि प्यूकर यांनी १९७३ मध्ये पद्धत मांडली: ठरवलेल्या अंतराच्या आतले बिंदू गाळायचे. ते अंतर किती, हे धंदेवाल्याने ठरवायचं. नेमप्लेटला पाव मिलिमीटर चालून जाईल. खाचेत खाच बसणाऱ्या डब्याला मुळीच नाही.

शीटवर तुकडे बसवायला डीपनेस्ट आहे, तेही फुकट. ॲक्रिलिक कसंही फिरवा. पण उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यातल्या कटिंग मास्तरांना विचारा, ताण्याची दिशा सोडून पॅटर्न फिरवला तर पँटचा पाय पिळतो. तिथे सॉफ्टवेअरचं ऐकायचं नाही.

या आठवड्यात एकच लोगो घ्या. मूळ आणि साफ केलेली, दोन्ही फाईली कापायला द्या आणि मिनिटं कमेंटमध्ये लिहा.