पेठ कुणामुळे जगते?

वर्तकनगर हे ठाण्यातच आहे. तरीही तिथली जुनी मंडळी घराबाहेर पडताना 'जरा ठाण्याला जाऊन येतो' असे सांगून निघतात. हा बोलण्यातला ढिसाळपणा नव्हे. त्यांच्या लेखी ठाणे म्हणजे स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंत आणि मासुंदा तलावापासून टेंभी नाक्यापर्यंत पसरलेली जुनी पेठ. लग्नाचा बस्ता बांधायचा तो तिथे, शाळेची पुस्तके-दप्तरे घ्यायची ती तिथे. दिवाळीचा किराणा, गणपतीचे मखर, नव्या सुनेचे मंगळसूत्र, एवढेच काय, चष्म्याची तुटलेली दांडी बसवून घ्यायची तीही तिथेच. घर वर्तकनगरला, नोकरी वागळे इस्टेटमध्ये आणि बाजारहाट मात्र पेठेत, अशी ठाणेकरांच्या निदान दोन पिढ्यांच्या आयुष्याची वाटणी होती.

आज ही पेठ थकलेली आहे. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण मान वर करून पाहिले तर बंद खिडक्या, गंजलेले पत्रे, भिंतीतून उगवलेले पिंपळ आणि सज्ज्यांना दिलेले टेकू दिसतात. खाली गर्दी आणि वर पडझड, असे हे विचित्र दृश्य आहे. या पेठेला नवे आयुष्य कसे द्यायचे, हा प्रश्न आपण टाळला तरी तो सुटणारच आहे; फक्त तो आपल्याला विचारून सुटणार नाही.

मुळात ही पेठ कशी घडली ते पाहण्यासारखे आहे. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याचा उल्लेख येतो, म्हणजे तेराव्या शतकातही या बंदराचे नाव दूरवर पोचलेले होते. पोर्तुगीज अमलात इथे रेशमाचे विणकाम चाले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि पुढे १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वराचे देऊळ बांधले. १७७४ मध्ये इंग्रज आले. मग १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला येऊन थांबली. एका टोकाला देऊळ आणि तलाव, दुसऱ्या टोकाला स्टेशन. या दोहोंमधल्या वाटेवर माणसांची जा-ये सुरू झाली आणि माणसांमागोमाग दुकाने आली.

दुकानांमागोमाग आणखीही बरेच काही आले. १८६३ मध्ये नगरपालिका, १८६६ मध्ये 'अरुणोदय' हे वृत्तपत्र, १८७९ मध्ये बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग, १८९३ मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय. देऊळ, चर्च, मशीद, सिनेगॉग आणि ग्रंथालय हे सारे पायी हिंडता येईल एवढ्याशा टापूत. खरेदीला आलेला माणूस जाता जाता पुस्तक बदलून घेई, तहसील कचेरीतले काम उरकून जवळच झणझणीत मिसळ खाई आणि संध्याकाळी तलावपाळीवर बसून घरी जाई. बाजार आणि समाज यांच्यात भिंत नव्हती, हेच या पेठेचे खरे भांडवल होते.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. वर्तकनगरशेजारच्या जेकेग्राममध्ये रेमंडची गिरणी होती. या कारखान्यांतले कामगार आणि म्हाडाच्या वसाहतींतले संसार यांचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेठेत खेळे. १९८९ मध्ये ठाणे परिवहनच्या बसगाड्या सुरू झाल्या तेव्हा हा प्रवास आणखी सोपा झाला. मग चित्र पालटले. कारखाने एकेक करून थंडावले, रेमंडच्या गिरणीतले उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि त्या जमिनीवर आता उंच मनोरे उभे आहेत. त्याच सुमारास महामार्गाच्या कडेला मॉल उघडले. आता तर मोबाइलवर बोट फिरवले की साडी, चप्पल आणि कोथिंबीरही दारात येते.

म्हणून पेठ मेली ती मॉलमुळे, असे म्हणण्याची रीत पडली आहे. ते अर्धेच खरे आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी जांभळी नाक्यावर जाऊन पाहावे. गिऱ्हाईक आटले आहे असे कोणी म्हणू धजणार नाही. दुखणे खालच्या गल्ल्यात नाही, ते वरच्या मजल्यावर आणि त्याही वर, कायद्याच्या पुस्तकात आहे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देण्यासाठी केलेली ती तरतूद होती आणि त्या वेळी ती योग्यही होती. पण अर्धशतक ती जवळजवळ तशीच राहिली. भर बाजारातल्या गाळ्याचे भाडे महिन्याच्या चहापाण्याइतके उरले, तेव्हा मालकाने वाड्याची कौले शाकारायची ती कशाच्या जोरावर? १९९९ च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. पण मूळ आकडाच इतका लहान की त्याच्या चार टक्क्यांत खिळ्यांचा पुडाही येऊ नये. मालक गरीब आणि भाडेकरू श्रीमंत, किंवा उलट, अशी ही सरळ गोष्ट नाही. दोघेही एकाच जीर्ण छपराखाली अडकले आहेत.

मुंबई शहरातल्या जुन्या चाळींचीही हीच कथा. तिथे निदान १९६९ पासून उपकर आणि दुरुस्ती मंडळ यांची व्यवस्था आहे. तिच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ, पण दार ठोठावायला एक कचेरी तरी आहे. ठाण्याच्या जुन्या इमारतींना तेवढाही आधार नाही. इथे दुरुस्ती होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस मात्र लागते. ती कोरडी औपचारिकता नसते, हे ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे नौपाड्यात कळले. बी केबिन भागातली कृष्णनिवास ही जुनी इमारत कोसळून बारा जणांचा बळी गेला. तेव्हा 'जुने ते सोने' म्हणून धोकादायक वाडे तसेच राहू द्यावेत, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो वाडा उतरल्यानंतरचा. नव्या इमारतीच्या दर्शनी भागात मोठमोठे गाळे निघतात आणि त्यांना बँक किंवा साखळी दुकानांचे गिऱ्हाईक मिळते. तिथे पन्नास वर्षे बसलेला घड्याळ दुरुस्त करणारा, कासारीण, काष्ठौषधींचा दुकानदार, साडीला फॉल-पिको करून देणारी बाई यांचे काय होते? कोणाला मागच्या अंगाला जागा मिळते, कोणाला पहिल्या मजल्यावर. बांगड्या भरायला जिना चढून कोण जाणार? बांधकाम पाच-सात वर्षे रखडले की दरम्यान गिऱ्हाईक तुटते आणि मुलगा दुसरा धंदा धरतो. कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण होते. पेठ मात्र संपलेली असते.

आजवरचे उपाय रस्त्यापुरते राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी रस्तारुंदीची मोहीम धडाक्याने राबवली. शहराला मोकळा श्वास मिळाला, हे ठाणेकर आजही कृतज्ञतेने सांगतात. पण रुंद झालेला रस्ता काही वर्षांत उभ्या वाहनांनी भरला. २००९ मध्ये स्टेशनबाहेर 'सॅटिस'चा उन्नत मार्ग आला. बसची सोय झाली. पण प्रवासी वरच्या वर बसमध्ये चढू लागला आणि त्याची पावले पेठेकडे वळेनाशी झाली. दोन्ही योजनांत गाडीचा विचार होता. दुकानदार आणि चालणारा माणूस यांचा विचार मागे पडला.

दुसरीकडे काय घडले, तेही पाहू. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर कमानी झाकणाऱ्या पाट्या उतरवून त्या कमानींच्या आत बसवण्याचे नियम झाले आणि दुकानदारांनाच सामील करून घेतल्यामुळे ते पाळलेही गेले. भेंडीबाजारात २००९ मध्ये एका विश्वस्त संस्थेने साडेसोळा एकरांचा पुनर्विकास हाती घेतला. सुमारे ३,२०० कुटुंबांबरोबर १,२५० दुकानांचीही मोजदाद आधी झाली. काम रेंगाळले खरे, पण दुकान ही मोजण्याची गोष्ट आहे हे तिथे मान्य झाले. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे. अमेरिकेत १९७७ मध्ये तीन लहान गावांत ओस पडलेल्या बाजाररस्त्यांसाठी एक प्रयोग सुरू झाला. त्याचा गाभा साधा होता : जुन्या इमारती दुरुस्त करा, व्यापाऱ्यांची एक संघटना करा आणि पूर्णवेळ काम पाहणारा एक माणूस नेमा. पुढे हा प्रयोग देशभर पसरला.

ठाण्याला यातून आपल्यापुरते शिकता येईल. पहिले काम शिरगणतीचे. पेठेतला प्रत्येक गाळा, त्याचे क्षेत्रफळ, रस्त्याला लागून असलेली त्याची रुंदी, धंदा आणि वर राहणारे कुटुंब यांची नोंद महापालिकेने करावी आणि ती जाहीर करावी. दुसरे, पेठेतल्या नव्या बांधकामाला परवानगी देताना जुन्या लहान गाळ्यांना तळमजल्यावर रस्त्याच्या अंगालाच जागा देण्याची अट असावी. तिसरे, जे वाडे अजून धडधाकट आहेत त्यांच्यासाठी दुरुस्ती निधी हवा. त्यात महापालिका, मालक आणि गाळेधारक या तिघांचाही वाटा असावा. भाडे वाजवी वाढवायला दुकानदारांनीही तयार व्हायला हवे. पन्नास रुपयांत पेठ टिकत नाही. चौथे, ठरावीक वेळी मोटारी बंद, माल रात्री उतरवायचा आणि वर्तकनगर, लोकमान्यनगर, घोडबंदर रस्ता इथून पेठेसाठी लहान बस. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे त्यांना ठरलेली जागा द्यावी, म्हणजे रोजचा पळापळीचा खेळ थांबेल.

हे आताच का? ठाण्यात समूह पुनर्विकासाचा नारळ २०२३ मध्ये किसननगरात फुटला आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. २९ किलोमीटर लांबी, २२ स्थानके आणि १२,२०० कोटी रुपयांचा खर्च. ही मेट्रो वर्तकनगरच्या बाजूने फिरून ठाणे स्टेशनला भिडणार आहे. १८५३ च्या आगगाडीने ही पेठ वसवली. या मेट्रोनेही तिला गिऱ्हाईक मिळू शकते. पण मेट्रोमागून जमिनीचे भावही येतात. आधी शिरगणती आणि नियम झाले तर गाडी पेठेच्या कामी येईल. आधी भाव चढले तर गाडी येईल तेव्हा उतरणाऱ्यासाठी पेठ उरलेली नसेल.

आणि आपण? सारे महापालिकेवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. आपण स्वतः वर्षातून एकदाच, दिवाळीला, पेठेत जातो आणि 'पूर्वीची मजा राहिली नाही' असे म्हणत परततो. पेठ हळहळीवर चालत नाही, रोजच्या गल्ल्यावर चालते. महिन्यातल्या एका रविवारी मुलांना घेऊन बसने तिथे जावे. ग्रंथसंग्रहालय दाखवावे, तलावाकाठी बसावे, घड्याळाचा पट्टा बदलून घ्यावा, डाळ-तांदूळ तोलून घ्यावेत. येताना मुलांना मान वर करून वरचे मजले पाहायला सांगावे. तिथे अजून कोण राहते, असे ती विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आणि आपल्या नगरसेवकालाही ठाऊक असले पाहिजे.