पडद्यावरच्या रिलेची साक्ष

रिले मॉड्यूलचे सिम्युलेशन, म्हणजे गणिती प्रारूपावरून त्याचे वर्तन संगणकावर आधीच पडताळणे, हा वेळेचा अपव्यय आहे असा एक पूर्वपक्ष मांडला जातो. मॉड्यूल स्वस्त असते, तारा जोडताच रिलेची ‘टिक्’ ऐकू येते आणि पडद्यावरचा रिले मात्र सदैव आज्ञाधारकच असतो, मग त्याची साक्ष का मानावी, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे.

यातील शेवटचा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो, कारण ‘पाच व्होल्ट मिळाले की संपर्क जुळले’ एवढाच नियम ज्या प्रारूपात आहे, त्यातून पत्तीची उसळी किंवा तिला लागणारा विलंब दिसणे शक्य नाही. परंतु हा दोष प्रारूपाच्या तोकडेपणाचा आहे, पद्धतीचा नव्हे. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या ‘स्पाइस’पासून आजवरच्या या जातीच्या आज्ञावल्या परिपथाची समीकरणे सोडवतात, आणि समीकरणात जे घातलेच नाही ते उत्तरात उतरत नाही.

‘टिक्’वरची श्रद्धा मात्र मुळीच टिकत नाही. पाच व्होल्टच्या प्रचलित छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असल्याने तिला ७१ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, तर एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे; म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर येतो. तो बंद होताच कॉइलमधील प्रवाह एकाएकी थांबू शकत नाही, त्यामुळे तिच्या टोकांवर मोठा उलटा दाब उसळतो, आणि त्याला वाट देण्यासाठी कॉइलला समांतर डायोड जोडतात. मॉड्यूलवर तो असतोच. पण स्वतःचा पीसीबी आखताना तो राहून गेला, तरी ‘टिक्’ पहिल्यासारखीच ऐकू येते. ट्रान्झिस्टरवर बसणारा तडाखा कानाला कळत नाही; कलेक्टरच्या व्होल्टेजचा आलेख तो उघड करतो.

यास्तव ग्राह्य पक्ष असा की रिलेचे प्रारूप डेटाशीटवरून स्वतः बांधावे. त्यात कॉइल म्हणजे एकसर जोडलेले रोध आणि प्रेरकत्व, तर संपर्क म्हणजे हिस्टेरेसिस असलेला स्विच, अर्थात ज्याची जुळण्याची आणि सुटण्याची पातळी वेगवेगळी असते असा स्विच. या रिलेत जुळण्याची हमी नियत दाबाच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ३.७५ व्होल्टवर मिळते. पुरवठा ४ व्होल्टपर्यंत घसरला आणि ट्रान्झिस्टरने त्यातले ०.३ व्होल्ट खाल्ले, तर कॉइलला ३.७ व्होल्टच उरतात आणि ती हमी संपते. मेजावरचा एखादा नमुना तेव्हाही जुळेल, पण दुसरा जुळेलच असे नाही.

संपर्कांवरची ठिणगी, त्यांची झीज आणि चिकटणे यांचा निवाडा अखेर प्रत्यक्ष चाचणीनेच होतो. मात्र डायोड काढल्यास काय घडते, हा प्रश्न ट्रान्झिस्टर न जाळता विचारण्याची सोय पडद्यावरच आहे.