गाडी कोणी बांधली?

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात एका काळ्या मोटारीचा लिलाव झाला. १९६६ सालच्या 'बॅटमॅन' मालिकेतील ही मोटार, मागे वटवाघळासारखे पंख असलेली. खरेदीदाराला ती ४६ लाख डॉलरना पडली. वर्तमानपत्रांनी गाडीचा निर्माता म्हणून एकच नाव छापले : जॉर्ज बॅरिस. विकणाराही तोच होता.

या गाडीची जन्मकथा आमच्या वाचकांना ठाऊक असावी असे वाटते. मुळात ती 'लिंकन फ्युचुरा' नावाची फोर्ड कंपनीची नमुना गाडी. इटलीतील तुरीन शहरी 'गिया' या कारखान्याच्या कारागिरांनी ती हाताने बांधली. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर. प्रदर्शने झाली, नवलाई संपली, आणि पुढे ती बॅरिसला अवघ्या एका डॉलरला मिळाली. मालिकेवाल्यांना गाडी तीन आठवड्यांत हवी होती. पत्रा कापण्याचे, जोडण्याचे, ठोकून आकार देण्याचे काम बॅरिसने बिल कुशनबेरी या कारागिराकडे बाहेर दिले. म्हणजे तुरीनच्या अनाम हातांनी जी घडवली आणि कुशनबेरीच्या हातोडीने जी बदलली, ती गाडी जगाने एकट्या बॅरिसची मानली. आपल्याकडच्या कंत्राटी कामगाराला यात नवीन काही वाटणार नाही.

बॅरिसला खलनायक करण्याचा आमचा हेतू नाही. २०१५ साली वारलेला हा गृहस्थ आयतोबा नव्हता. रंगकामात त्याचा हात होता, नजर होती, आणि जाहिरातीचे कसब तर विलक्षण. त्याने गिऱ्हाईक आणले म्हणून अनेकांची चूल पेटली. पण धंद्याचे नाव आणि कामाचे श्रेय या दोन वस्तू वेगळ्या आहेत, आणि त्या एक समजण्याची सवय मोठी जुनी आहे.

ही गाड्यांची हौस श्रीमंतांच्या बंगल्यातून निघालेली नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरचे इंजिन स्वस्त गाडीत बसवले. दक्षिण कॅलिफोर्नियातील पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या भंगाराच्या भावाने घेऊन त्यांचे मडगार्ड, टप, बॉनेट काढून टाकले, इंजिनात स्वतःच्या हाताने फेरफार केले आणि वाळवंटातील कोरड्या तळ्यांवर त्या पळवल्या. हेच 'हॉट रॉड'. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून संघटनाही काढली. महायुद्धाच्या काळात यांतले कित्येक विमान कारखान्यांत आणि सैन्याच्या वर्कशॉपांत राबले. वेल्डिंग, ॲल्युमिनियमचा पत्रा, मापातली कारागिरी ही विद्या तिथून घेऊनच ते परतले. वेग नको, रूप हवे, असे म्हणणाऱ्यांची दुसरी शाखा निघाली ती 'कस्टम' गाड्यांची.

या शाखेचा खरा उस्ताद जॉर्जचा थोरला भाऊ सॅम. पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारे थोडे. १९४९ ची मर्क्युरी गाडी नवीकोरी घेऊन त्याने तिचे छप्पर कापले तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले असेल. पुढे सगळी कॅलिफोर्निया मर्क्युरीची छपरे कापू लागली. १९५२ साली दोघा भावांच्या दुकानात बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणासाठी १९५१ ची मर्क्युरी तयार झाली. या जातीच्या गाड्यांत ती आजही शिरोमणी मानतात. १९५९ साली एका शाळकरी वयाच्या मुलाने ती ५०० डॉलरना विकत घेतली आणि कितीतरी वर्षे जपली. २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश झाला. जानेवारी २०२२ मध्ये ती २१ लाख डॉलरच्या वर गेली. सॅम बॅरिस १९६७ सालीच वारला होता.

छप्पर कापणे म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेऊ. खिडक्यांमधले खांब चार-सहा इंच कापून छप्पर खाली बसवायचे, इतके ते सोपे नाही. छप्पर वर निमुळते आणि खाली रुंद असते. ते खाली आणले की खांबाला खांब भिडत नाही. मग छप्परच उभे-आडवे कापून लांब-रुंद करायचे, मध्ये पट्ट्या भरायच्या, मागची काच कलती करायची, दाराच्या चौकटी नव्याने घडवायच्या. काचाही कापायच्या. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा फुगतो, त्याला लाटा येतात. म्हणून थोडे थोडे टाके घालत, थंड करत, खालून डॉली लावून वरून हातोडी मारत पुढे जायचे. एवढे करून सांधा दिसतोच. तो बुजवायला त्या काळी आजच्यासारखी डब्यातली लांबी नव्हती. पत्रा घासून स्वच्छ करायचा, त्यावर कथलाचा हात द्यायचा आणि शिसे-कथलाची कांडी ज्योतीने तापवून लोण्यासारखी मऊ करायची. ज्योत जरा जवळ आली की शिसे वितळून जमिनीवर, जरा लांब गेली की घट्ट. त्या मधल्या क्षणात चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने ते पसरायचे आणि मग कानशीने तासायचे. आपल्या गॅरेजात डेंटिंगचे काम करणाऱ्या कोणाही मिस्त्रीला हे वाचताना हाताला ओळख पटेल.

अशा गाड्यांना तिकडे थट्टेने 'शिशाची घसरगाडी' म्हणत. थट्टा ठीक, पण त्या कांडीत साधारण सत्तर टक्के शिसे असे. तापवताना अंगावर येणारी वाफ, तासताना उडणारी भुकटी, काळ्या हातांनी खाल्लेले जेवण, हे सगळे कोणाच्या पोटात गेले? अमेरिकेत शिशापासून कामगारांचे रक्षण करणारा सर्वंकष नियम १९७८ साली आला. तोवर पहिल्या पिढीने उमेदीची वर्षे घालवली होती.

रंगाचीही तीच कथा. जो बेलॉन या कारागिराच्या नावावर 'कँडी ॲपल' लाल रंगाची युक्ती जमा आहे. खाली सोनेरी वा रुपेरी अस्तर, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे हात एकावर एक, वर चकाकीचा थर. प्रकाश आत शिरून अस्तरावरून परततो, म्हणून गाडी पाकात बुडवल्यासारखी दिसते. एक हात जाड पडला तर डाग दिसतो आणि सगळे पुन्हा. पुढे दोन डब्यांचे रंग आले. त्यांच्या हार्डनरमधील आयसोसायनेटने रंगाऱ्याला कायमचा दमा जडतो, हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. नाकाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. बंपरच्या चकाकीसाठी क्रोमचा मुलामा द्यायचा, तर टाकीतील सहासंयुजी क्रोमियमने फुफ्फुसाचा कर्करोग होतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मे २०२३ मध्ये शोभेच्या मुलाम्यातून हा पदार्थ हद्दपार करण्याचे ठरवले. मुदत २०२७ ची, काही अटी पाळणाऱ्यांना २०३० पर्यंत. मालकांनी धंदा बुडेल अशी ओरड केली. छोट्या दुकानाची अडचण खोटी नाही. पण पर्यायी मुलामा तेवढा निळसर चमकत नाही, ही तक्रार टाकीवर उभ्या असलेल्या माणसापुढे मांडून पाहावी.

लेखक टॉम वुल्फ याने १९६३ साली या मंडळींवर लेख लिहून त्यांना कलावंत ठरवले. तेव्हापासून त्यांची गणना कलेत होऊ लागली, संग्रहालयांची दारे उघडली. चांगलेच झाले. मात्र कलावंत म्हटले की मजुरीचा हिशेब विचारणे असभ्य ठरते, हा अनुभव आपल्या तमाशा-नाटकवाल्यांनाही आहे.

आणि सगळेच कलावंत ठरले असेही नाही. १९६९ च्या 'ईझी रायडर' चित्रपटातील, तारे-पट्ट्यांच्या झेंड्याच्या रंगाची मोटारसायकल जगभर भिंतींवर लागली. ती घडवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे दोघे कृष्णवर्णीय. व्हॉज नागरी हक्कांच्या चळवळीत छायाचित्रकार म्हणून राबलेला, हार्डीचे दुचाकींचे दुकान लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचीही नावे नाहीत. ती लोकांपुढे यायला काही दशके जावी लागली. कातडीचा रंग आणि हातातले पाने, दोन्ही कारणे तिथे एकत्र आली.

आता आपल्या दारातले. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बांधलेली छोटी जीप देशभर गाजली. फार शिक्षण नसलेल्या या कारागिराने किक मारून चालू होणारी चारचाकी उभी केली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, ही गाडी नियमात बसत नाही हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. लोहार यांना त्यांच्या नावानिशी मान मिळाला याचा आम्हाला आनंद आहे. पण नियमात बसण्याची वाट त्यांना कोणी दाखवली नाही, कारण ती वाटच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार चालणार नाही असे सांगितले. सुरक्षेचा नियम हवाच. रस्त्यावर मरणारे बहुतेक आपलेच लोक असतात. परंतु कॅलिफोर्नियात हाताने बांधलेल्या गाडीची 'विशेष बांधणीचे वाहन' म्हणून नोंदणी होते, आणि वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांना धुराच्या चाचणीत सवलत मिळते. तपासणी करून मर्यादित संख्येला परवाना देणे आपल्याला अशक्य का असावे, याचे उत्तर परिवहन मंत्रालयाने द्यावे.

याहून जवळचा प्रश्न गॅरेजच्या गल्लीतला आहे. कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले की कारखाना होत असे. २०२० च्या संहितेने तो आकडा वीस केला, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या, डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या अनेक दुकानांत दहा-पंधरा माणसे असतात. ती कारखान्याच्या व्याख्येबाहेर गेली.

तेव्हा आमच्या शाखांना विनंती आहे. इंदूर असो, हुबळी असो की कोल्हापूर, आपल्या शहरातील गॅरेजच्या रांगेत एक रविवार नव्हे, कामाचा दिवस काढून जावे. किती माणसे आहेत, पत्रा कोण ठोकतो, रंग कोण मारतो, मुखवटा आहे की रुमाल, शिसे अजून वापरतात का, शिकाऊ पोराचे वय काय, हे लिहून आणावे. मालकाच्या पाटीवरचे नाव नको. मिस्त्रीला त्याचे पूर्ण नाव विचारून घ्यावे.