आजारपणाचे कर्ज म्हणजे चोरी नव्हे!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बेंगळुरूच्या आमच्या युनियन ऑफिसात एक निवृत्त गार्ड येऊन बसले. मूळ गाव खानापूर तालुक्यात, सगळी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवा-लाल दिवा दाखवण्यात गेली. सेवेत असताना कधी मेमो घेतला नाही, की कुणाकडून पाच रुपये उसने घेतले नाहीत. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून आमच्या हातात दिला. त्यावर मजकूर होता : तुमचा मुलगा फरारी आहे, पोलीस घरी येतील, पेन्शन बंद करू.

मुलगा इथल्याच एका संगणक कंपनीत कामाला होता. स्वादुपिंडाच्या दुखण्याने तो १९ दिवस इस्पितळात पडला. मुलगा कमावता झाला की रेल्वेच्या वैद्यकीय कार्डावरून त्याचे नाव उतरते, त्यामुळे रेल्वे हॉस्पिटलचा दरवाजा त्याला बंद. कंपनीचा विमा अर्ध्या वाटेत संपला. उरलेले ४ लाख १० हजार रुपये दोन क्रेडिट कार्डांवर चढले. पुढे चार महिने बिनपगारी, मग नोकरीच गेली. आजार घोड्याच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. तो जाईपर्यंत कार्डाचे व्याज थांबत नाही, त्याला ना रविवार ना सण. वर्षभराने जर्मनीत नोकरी मिळाली, मुलगा गेला. इथले सिमकार्ड बंद झाले, बँकेच्या नोटिसा सोडलेल्या भाड्याच्या घराच्या दारात पडून राहिल्या. दीड वर्षात आकडा सात लाखांच्या वर गेला आणि वसुलीवाले म्हाताऱ्या बापाच्या दारात उभे राहिले.

हे प्रकरण ऑफिसात निघाले तेव्हा आमच्यातच तीन मते पडली. एक म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरावेत. दुसरा म्हणाला, पोरगा परदेशात गेला ना, मग सुटला. बुडवू दे बँकेला. तिसरा म्हणाला, हा ज्याचा त्याचा खासगी मामला, यात युनियनचा काय संबंध?

तिघांनाही आमचे उत्तर एकच आहे : तुम्ही चुकता आहात!

पहिल्याला आम्ही विचारतो, अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाने कोणते अंथरूण मोजायचे? त्याने टीव्ही घेतला नाही की सहलीला गेला नाही. जीव वाचवण्यासाठी जे हाताला लागले ते धरले.

दुसऱ्याला सांगतो, पळून कर्ज सुटत नाही. पत्ता न कळवता गेलेल्या माणसावर दिवाणी दावा लागतो, समन्स जुन्या पत्त्यावर जाते आणि निकाल एकतर्फी होतो. मग गावच्या जमिनीतला त्याचा हिस्सा किंवा इथल्या खात्यातली शिल्लक जप्तीला येते. ज्याच्याकडे सांगण्यासारखी खरी अडचण आहे, त्याने ती न सांगता निघून जाणे म्हणजे वसुलीवाल्याच्या हातात आपणच काठी देणे.

आणि तिसऱ्याला जरा इतिहासाची आठवण करून देतो. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरवर, म्हणजे व्हिटले कमिशनवर, आपले ना. म. जोशी सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने नोंदवले की, किमान दोन-तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या आणि वर्कशॉपच्या फाटकावर लाठी घेऊन सावकार उभा राहत असे. वसुलीसाठी असे कामाच्या जागी घेरणे हा गुन्हा ठरवा, पगाराच्या जप्तीला आणि कर्जापायीच्या तुरुंगवासाला मर्यादा घाला, अशा शिफारशी त्या कमिशनने केल्या. १९३४ साली बंगालमध्ये तसा कायदाही झाला. त्या वेळच्या पुढाऱ्यांनी हा खासगी मामला म्हणून हात झटकले असते, तर आपल्या आजोबांचा पगार फाटकाबाहेर पडलाच नसता. ती लाठी आता मोबाईलमध्ये आली आहे, एवढाच फरक!

आता व्याजाचा हिशोब पाहू. कार्डाच्या थकबाकीवर बऱ्याच बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. ऐकायला साडेतीन, पण वर्षाचे झाले ४२. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाखाच्या थकबाकीवर महिन्याला ३,५०० व्याज आणि ६३० कर, एकूण ४,१३० रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ असे ठळक छापलेले असते. ती पाच टक्के धरली तर ५,००० रुपये. आपला माणूस पोटाला चिमटा घेऊन ते ५,००० भरतो आणि हप्ता गेला म्हणून निर्धास्त झोपतो. प्रत्यक्षात मुद्दल फिटते ८७० रुपये! त्याला वाटते आपण कर्ज फेडतो आहोत, तो फेडतो आहे फक्त व्याज.

गावच्या सावकाराने असे केले तर? त्याच्यासाठी कायदे आहेत. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा, कर्नाटकात जबर व्याजाविरुद्धचा २००४ चा कायदा. पण बँकेच्या बाबतीत १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली कलम २१-अ घातले गेले. व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाने उकरून काढायचा नाही, असे ते कलम सांगते. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय, असे न्यायालयाने म्हटले. ठीक आहे, निकाल आम्ही शिरोधार्य मानतो. पण मग रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालावी ना! २०२५ साली मायक्रोफायनान्सच्या जाचाने माणसे जीव देऊ लागली, तेव्हा कर्नाटक सरकारने वटहुकूम काढला. त्यातूनही रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि वित्त कंपन्या वगळल्या. लहान मासा जाळ्यात आणि मोठा मासा मोकळा, हा कुठला न्याय?

तरीही जे कायदे आज आपल्या बाजूला आहेत, ते आपल्या लोकांना ठाऊकच नसतात आणि भीतीचा धंदा त्यावरच चालतो. म्हणून स्पष्ट लिहितो.

कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. निव्वळ पैसे नाहीत म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत. पैसे देण्याची ऐपत नसलेल्या माणसाला कर्जापायी तुरुंगात घालता येत नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच निकालात सांगितले. मात्र वसुलीवाल्याच्या दबावाखाली पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. चेक परत गेला की फौजदारी खटला होऊ शकतो आणि दिवाणी मामला आपणच फौजदारी करून ठेवतो.

मुलाचे कर्ज बापाचे नव्हे. बाप जामीन नसेल आणि कार्ड बापाच्या नावावर नसेल, तर बँकेला त्याच्याकडे एक पैसा मागण्याचा हक्क नाही. उलट बापाने आपल्या नावावर कार्ड घेऊन मुलाला जोडकार्ड दिले असेल, तर देणे बापाचेच. हे आधीच लक्षात ठेवावे. सरकारी पेन्शन १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम ११ प्रमाणे दिवाणी जप्तीपासून मुक्त आहे. सेवेतल्या माणसाच्या पगारातही पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग अशा जप्तीतून सुटतो.

वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना आणि मित्रांना छळायचे नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तसे सांगितले होते. वसुलीसाठी गुंड पाठवणाऱ्या बँकांना सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच खडसावले आहे.

आता कर्जदाराचे कर्तव्य. हक्क सांगायचे आणि कर्तव्य गाळायचे, ही आपली रीत नव्हे.

एक, आजारी पडताच बँकेला लेखी कळवा. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते, कागद राहतो. डिस्चार्ज कार्ड, बिले, पगार बंद झाल्याचे पत्र, सगळे जोडा. आपल्या सभासदांना याची दुहेरी गरज आहे. आपल्या आचरण नियमांत नियम १७ कर्जबाजारीपणाचा आहे. कर्ज उधळपट्टीने नव्हे, तर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाले, हे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावरच टाकलेला आहे. इस्पितळाची फाईल रद्दीत गेली की आपला बचावही रद्दीत गेला.

दोन, परदेशी जाण्यापूर्वी नवा पत्ता आणि ई-मेल बँकेला लेखी द्या. बचत खाते एनआरओ करून घ्या आणि जमेल तो हप्ता त्यातून लावा.

तीन, तडजोड करायची तर पत्र आधी, पैसे नंतर. किती रकमेत खाते मिटणार आणि पत-नोंदीत काय लिहिले जाणार, हे बँकेच्या कागदावर आल्याशिवाय वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका.

चार, छळ झाला तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

कोकणातल्या आणि सीमाभागातल्या ज्या बांधवांची मुले आखातात आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. दुबईचे कर्ज दुबईत राहिले, हा समज आता सोडा. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर संयुक्त अरब अमिरातीतल्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतो. तिथे आजारी पडून परतणाऱ्या मुलाने विमानात बसण्याआधी तिथल्या बँकेशी कागद करावा.

त्या गार्डसाहेबांचे काय झाले? आम्ही त्यांच्या सहीने बँकेला पत्र दिले : मी जामीन नाही, माझ्या दारात येऊ नका. मुलाने जर्मनीहून स्वतःचा पत्ता आणि इस्पितळाचे कागद धाडले. दोन पत्रांना उत्तर नाही. लोकपालाकडे तक्रार गेल्यावर मात्र उत्तर आले. वसुलीवाले थांबले, दंडाची बरीचशी रक्कम उतरली, बाकीचे हप्ते ठरले. मुलगा महिन्याच्या महिन्याला भरतो आहे. व्याज मात्र सगळे सुटले नाही, हेही खरेच सांगतो. आणि दाराची घंटा वाजली की गार्डसाहेब अजून दचकतात. ती भरपाई कोणता लोकपाल देणार?

म्हणून आमचे म्हणणे दोन शब्दांत असे : मुद्दल देऊ, लूट देणार नाही. सांगून देऊ, लपून राहणार नाही.

आमच्या मागण्या अशा. रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या व्याजाला कमाल मर्यादा घालावी. गंभीर आजाराचा दाखला दिल्यावर किमान सहा महिने व्याज आणि दंड थांबवावा. आपल्या पतपेढ्यांनी, पश्चिम रेल्वेच्या जॅक्सन सोसायटीसारख्या जुन्या संस्थांपासून टपाल खात्यातल्या लहान सोसायट्यांपर्यंत, आजारपणाच्या कर्जाची मर्यादा वाढवून ते तातडीने द्यावे, म्हणजे आपल्या माणसाला कार्डाकडे जावे लागणार नाही. आणि फेडरेशनच्या प्रत्येक विभागीय कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ कर्जाच्या प्रकरणांसाठी राखून ठेवावी. बेंगळुरूत आम्ही ती सुरू केली आहे.

पहिल्या संध्याकाळी एकही माणूस आला नाही. लाज आड आली. दुसऱ्या संध्याकाळी एक पोस्टमन आला, सगळे गेल्यावर, दार लोटून घेऊन. त्याला आम्ही सांगितले तेच तुम्हाला सांगतो. दार उघडे ठेवा. तुम्ही चोरी केलेली नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!